जुन्या इलेक्ट्रिक इंजिनाचं ओव्हरहॉलिंग: भरवसा वाढतो की नुसता रंग नवा?

रुकडीचा पोरगा
राम राम मंडळी. परवा मिरजेहून येताना हातकणंगलं सोडलं आणि गाडी उसाच्या फडात उभी. मी पहिल्याच डब्यात. इंजिनातून 'फट्' आवाज, घरघर बंद, पुन्हा सुरू, पुन्हा 'फट्'. असं चार वेळा. सव्वा तासानं हललो. इंजिन डब्ल्यूएपी-४, जुन्या बनावटीचं इलेक्ट्रिक प्रवासी इंजिन. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. ही इंजिनं ठरावीक काळानं पूर्ण खोलतात म्हणे, मग असं का?

निवृत्त फिटर, राजारामपुरी
तो 'फट्' म्हणजे डीजे पडला. छपरावरचा मेन सर्किट ब्रेकर, २५ केव्ही तोडणारा. पण डीजे पडणं हे नुसतं लक्षण. डीजे पाडतात ते रिले, म्हणजे बिघाड ओळखणारे स्विच. क्यूएलएम रिले पडला असेल तर ट्रान्सफॉर्मरकडं जादा करंट, क्यूओपी असेल तर पॉवर सर्किट कुठंतरी बॉडीला लागलंय. ते शोधण्यातच वेळ जातो.

खोलून, पुसून तेच सामान परत बसवलं तर रोग तिथंच राहतो. जुन्या इंजिनात आर्नो कन्व्हर्टर असायचा. सिंगल फेजचं तीन फेज करणारं फिरतं मशीन. तारेतला दाब (व्होल्टेज) उतरला की ह्याचाही उतरायचा, वर तिन्ही फेज असमान. ब्लोअरच्या, म्हणजे गार हवेच्या पंख्यांच्या, मोटारी जळायच्या. आम्ही वाइंडिंग करून बसवायचो, परत जळायच्या. मोटारीचा काय दोष! आर्नो काढून स्टॅटिक कन्व्हर्टर आले तेव्हा ते थांबलं. हवेच्या झोतानं आर्क विझवणाऱ्या ब्रेकरच्या जागी व्हॅक्यूम ब्रेकर आले, तेही तसंच. असं काही बदललं तर ओव्हरहॉल, नाहीतर नुसती अंघोळ.

टॅप चेंजर, म्हणजे मोटारींचा दाब पायरीपायरीनं कमीजास्त करणारा भाग, मात्र राहतोच. ३२ नॉच म्हणजे पायऱ्या, प्रत्येक नॉचला सीजीआर कॉन्टॅक्टरचं, म्हणजे मोठ्या स्विचचं, उघडझाप. त्याची तोंडं जळतात, आतलं तेल काळं पडतं. तेल किती दाब सोसतं ती बीडीव्ही चाचणी टाळली की समजायचं, बिघाड ठरलेला.

आणि एक. आमच्याकडं एक इंजिन तीनदा आलं, क्यूओपी पडतोय म्हणून. मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, दरवेळी चांगला दाखवायचा. चौथ्यांदा मी खाली झोपून केबलवर हात फिरवला. क्लीटनं, म्हणजे केबल धरून ठेवणाऱ्या पकडीनं, घासून इन्सुलेशनला मोहरीएवढं भोक पडलेलं. गाडी हलली की बॉडीला लागायचं, शेडमध्ये उभी असताना नाही. बॅटरीचा उजेड धरला तरी दिसत नव्हतं, बोटाला लागलं.

उद्यमनगरचा वाइंडर
काका, पटलं. साखर कारखान्याच्या मोटारी पावसाळ्यात माझ्याकडं येतात. "वार्निश मारून दे, हंगाम निघंल." मोळी टाकून पंधरा दिवस होत नाहीत तोवर मोटार परत दारात! तुमच्या ट्रॅक्शन मोटारीचं, चाकं फिरवणाऱ्या मोटारीचं, काय?

निवृत्त फिटर, राजारामपुरी
वार्निश मारून भागत नाही. टाकीत ठेवून आतली हवा ओढायची, मग दाबानं रेझिन भरायचं, नंतर भट्टीत. कम्युटेटर, म्हणजे ब्रश घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, लेथवर घेऊन पट्ट्यांमधला मायका खाली कापायचा. भुसावळच्या वर्कशॉपात हीच कामं होतात. पण डीसी मोटार आहे तोवर कार्बन ब्रश आहे, आणि ब्रश आहे तोवर धूळ, ठिणगी आहेच. नव्या बनावटीच्या डब्ल्यूएपी-७ ला थ्री फेज मोटारी, ब्रशच नाहीत.

रुकडीचा पोरगा
मग डब्ल्यूएपी-४ मध्येच थ्री फेज मोटारी का घालत नाहीत?

निवृत्त फिटर, राजारामपुरी
मग ट्रान्सफॉर्मर बदल, कन्व्हर्टर घाल, कंट्रोल बदल, बोगीतही हात घाल. राहिली काय, नंबराची पाटी! चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्यात २०१५ नंतर ते इंजिन बनवणंच थांबवलं. इंजिनाचं आयुष्य ३५ वर्षं धरतात, म्हणजे शेवटची काही अजून बरीच वर्षं पळणार. ती सांभाळायला माणसं लागतील.

शिकायचं असेल तर कंट्रोल सर्किटचं ड्रॉइंग मिळव. एकेक रिले पडला की पुढं काय काय बंद होतं, ते पेन्सिलीनं काढ. क्यूओपीपासून सुरू कर. अडलास तर इथंच विचार, मी रात्री नऊनंतर असतो.