आरव्हीत राहून बायबल-भाषांतराच्या कामाला हातभार : विचारणा आणि उत्तरे

प्रेषक : एक सभासद, रॅली

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आम्ही दोघे नुकतेच नोकरीतून निवृत्त झालो. मी आयुष्यभर कारखान्यांतील वीजजोडणीचे काम केले आणि पत्नीने दवाखान्यांचे हिशेब सांभाळले. आमचे घराणे अहिल्यानगरचे. आजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि घरात रोज संध्याकाळी पवित्र शास्त्राचे वाचन होत असे. मुले आपापल्या संसारात स्थिरावली आहेत, तेव्हा आता एक आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, घ्यावी आणि वर्षातील काही महिने बायबल-भाषांतराला साहाय्य करणाऱ्या संस्थेत जाऊन राहावे, असे आमच्या मनात आहे. मात्र भाषाशास्त्राचा आम्हाला गंध नाही, हिब्रू आणि ग्रीक तर दूरच राहिले. अशा माणसांचा तेथे खरोखर उपयोग होतो का, की केवळ आमचे मन राखण्यासाठी आम्हाला सामावून घेतील? मंडळातील एक ताई आणि त्यांचे यजमान काही वर्षांपासून हेच काम करीत असल्याचे कळले. त्यांनी सवडीने सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रेषक : एक सभासद, शार्लट

नमस्कार.

वरील पत्र वाचून मनात आले ते स्पष्टपणे लिहितो. कोणाच्याही श्रद्धेचा अनादर करण्याचा हेतू नाही. दुर्गम भागातील लहान समाजांच्या भाषा शिकून त्यांत बायबल आणणे हे अखेर धर्मप्रसाराचेच काम आहे. या चळवळीतील एसआयएल या भाषाशास्त्र संस्थेशी असलेला करार मेक्सिको सरकारने १९७९ मध्ये संपवला होता आणि तेथील मानववंशशास्त्रज्ञांनी तिच्यावर कठोर टीका केली होती, असे मी वाचले आहे. निवृत्तीनंतरचे श्रम अशा कामाला देण्यापूर्वी या बाजूचाही विचार व्हावा. ताईंचे यावर काय मत आहे, हे जाणून घेण्याची इच्छा आहे.

प्रेषक : एक सभासद, सध्या मुक्काम वॅक्सहॉ, नॉर्थ कॅरोलायना

दोन्ही बंधूंना सप्रेम नमस्कार.

दादा, आधी तुमच्या प्रश्नाचे उत्तर देते. उपयोग होतो, आणि तुमच्यासारख्या वीज जाणणाऱ्या माणसाचा तर फारच होतो. शार्लटच्या दक्षिणेला असलेल्या वॅक्सहॉ येथे जार्स या संस्थेचे केंद्र आहे. विक्लिफ बायबल ट्रान्सलेटर्सचे संस्थापक विल्यम कॅमेरॉन टाउनसेंड यांनी १९४८ मध्ये तिची स्थापना केली, कारण जंगलात राहणाऱ्या भाषांतरकारांपर्यंत पोहोचायला रस्ते नव्हते आणि विमान व रेडिओ यांच्याशिवाय ते काम पुढे सरकणेच शक्य नव्हते. स्वतः टाउनसेंड यांनी तरुणपणी ग्वाटेमालात काक्चिकेल लोकांमध्ये राहून त्यांच्या भाषेत नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, आणला होता, त्यामुळे ही अडचण त्यांनी सोसलेली होती. आजही पापुआ न्यू गिनीसारख्या देशात, जेथे आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात, डोंगरउतारावरील आखूड धावपट्टीवर उतरणारे लहान विमान हाच कित्येक गावांचा बाहेरच्या जगाशी दुवा असतो.

आता असे पाहा. भाषांतराचा पहिला खर्डा होतो, तो गावकऱ्यांना वाचून दाखवून त्यांना काय समजले हे विचारले जाते, मग मूळ भाषा जाणणारा सल्लागार ओळ न् ओळ तपासतो, दुरुस्त्या होतात, अक्षरजुळणी होते, ध्वनिमुद्रण होते. एका नव्या कराराला दहा-वीस वर्षे सहज लागतात. या सगळ्या काळात कोणीतरी विमानांची देखभाल करावी लागते, वैमानिकांना शिकवावे लागते, संगणक चालू ठेवावे लागतात आणि हे सारे ज्या इमारतींत चालते त्यांची छपरे गळू नयेत हेही पाहावे लागते. पगारी सुतार आणि वीजतंत्री ठेवायचे म्हटले, तर देणग्यांचा मोठा वाटा त्यातच खर्ची पडेल. म्हणून आरव्हीने येणाऱ्या निवृत्त माणसांचे तेथे मनापासून स्वागत होते. माझे यजमान कार्यशाळेत आणि इमारतींच्या दुरुस्तीत असतात. हिशेब, बागकाम, शिवणकाम, स्वयंपाकघर, ग्रंथालय, जे येत असेल ते काम मिळते. वहिनींचा हिशेबातील अनुभव तर कोणतेही कार्यालय आनंदाने घेईल.

मी स्वतः पाहुण्यांच्या खोल्या लावते. दूरदेशी काम करणारी कुटुंबे काही महिन्यांसाठी मायदेशी येतात, तेव्हा त्यांना तयार अंथरूण आणि भरलेला फ्रिज मिळावा, एवढेच माझे काम. एकदा एक कुटुंब रात्री उशिरा आले. त्या बाईंनी खोलीत शिरताच नळाचे पाणी सरळ पेल्यात भरून मुलाच्या हाती दिले, आणि तो मुलगा पेला तोंडाला न लावता आईकडे पाहत राहिला, कारण न उकळलेले पाणी प्यायचे नाही हेच त्याला जन्मापासून शिकवलेले होते. त्या बाईंनी आधी स्वतः घोट घेतला, तेव्हा तो प्यायला. आपण घातलेली चादर कोणासाठी आहे, हे मला त्या रात्री नीट कळले.

याला आपल्याकडचा दाखलाही आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून मराठी बायबल सिद्ध केले. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली आणि तेथील काम आश्रमातील स्त्रिया करीत. त्यांतील कित्येकींना दुष्काळातून आणलेले होते. रमाबाईंचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण छपाईचे खिळे जुळवणाऱ्या त्या स्त्रियांवाचून हस्तलिखित पेटीतच राहिले असते.

आता आरव्हीविषयी. काम करणाऱ्यांना जागा आणि हुकअप, म्हणजे वीज, पाणी व सांडपाण्याची जोडणी, मोफत किंवा अल्प दरात मिळण्याची पद्धत अनेक संस्थांत आहे. आठवड्याला किती तास द्यायचे आणि किमान किती काळ राहायचे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते, म्हणून निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. बहुतेक ठिकाणी अर्जासोबत मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, पाळकांचे शिफारसपत्र आणि पूर्वेतिहासाची तपासणी लागते. गाडी निवडताना विजेचा विचार आधी करा, हे तुम्हाला सांगायला नको. तरी लिहिते की ३० अँपिअरच्या जोडणीत फक्त ३,६०० वॅट मिळतात, तर ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टचे दोन स्वतंत्र प्रवाह येत असल्याने १२,००० वॅट मिळतात. कॅरोलायनाच्या जुलैतील दमट उकाड्यात छतावरचे दोन एसी चालवायचे असतील, तर हा फरक जिवाचा ठरतो. नवीन जागी विजेच्या खांबावर आधी सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा वाढलेला दाब रोखणारे उपकरण, लावून जोडणी तपासल्याशिवाय यजमान गाडीची तार जोडत नाहीत, आणि थंडीत पाण्याची नळी गोठू नये म्हणून तापणारी नळी वापरतात.

आरोग्याच्या बाबतीत घाई करू नका. मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, देशभर, ती स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते. खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनांत मात्र बहुधा आपल्या भागातील ठरावीक डॉक्टरांचेच बंधन असते, आणि फिरतीवर असताना ते फार जाचते. रॅलीचे घर तुम्ही ठेवणार असाल, तर पत्त्याचा प्रश्न येणार नाही. करात आयटमाइज्ड, म्हणजे एकेक खर्च दाखवून, वजावट घेत असाल, तर सेवेसाठी चालवलेल्या गाडीचे मैलाला १४ सेंट दाखवता येतात. दिलेल्या तासांचे मोल मात्र वजा होत नाही.

शार्लटच्या बंधूंना नम्रपणे सांगते की, होय, हे श्रद्धेतून केलेले काम आहे आणि मी ते ख्रिस्ती श्रद्धेनेच करते. त्याला दुसरे नाव देणे मला प्रामाणिकपणाचे वाटणार नाही. मेक्सिकोतील करार संपला हे खरे आहे आणि बाहेरून आलेल्या माणसांनी लहान समाजावर आपले वजन टाकू नये, ही त्या टीकेतील भीती मला रास्त वाटते. म्हणूनच स्थानिक लोक स्वतः भाषांतर करतात आणि बाहेरचे फक्त शिकवतात व तपासतात, अशीच कामाची रीत असावी, असे मी मानते. आज पुष्कळ ठिकाणी काम तसे चालतेही. त्या कामातून मागे राहणारे व्याकरण, शब्दकोश आणि पहिलीची वाचनपुस्तके बायबल न वाचणाऱ्यांच्याही हाती येतात. मिशनरी विल्यम कॅरी यांनी बंगालमधील श्रीरामपूरला १८०५ मध्ये छापलेले मराठी व्याकरण याच हेतूच्या ओघात झाले, आणि त्याच एसआयएल संस्थेने तयार केलेला अन्नपूर्णा हा देवनागरी फॉन्ट कोणालाही विनामूल्य वापरता येतो. तरीही एखाद्या समाजाने नको म्हटले, तर तेथून निघून यावे, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही.

दादा, गाडी विकत घेण्याआधी एखादी भाड्याने घेऊन वॅक्सहॉला या. आम्ही वसंत ऋतूपर्यंत येथेच आहोत.

प्रेषक : एक सभासद, रॅली

ताई, मनःपूर्वक आभार. तुमच्या पत्रावरून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. मेडिकेअरची योजना या शरद ऋतूतील नोंदणीच्या काळात बदलून घेऊ आणि त्यानंतरच अर्ज करू. गाडी ५० अँपिअरचीच पाहू. शार्लटच्या बंधूंनी उपस्थित केलेला मुद्दा पत्नीलाही महत्त्वाचा वाटला. भाषांतर स्थानिक माणसांच्या हाती कितपत असते, हे आम्ही अर्ज करताना संस्थेला स्वतः विचारणार आहोत. आपल्या मंडळीचे पाळक शिफारसपत्र द्यायला तयार आहेत. भाड्याची गाडी ठरली की तारीख तुम्हाला स्वतंत्रपणे कळवतो.