नील बेटावर पहिल्यांदा गेलात तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

अंदमानला जाणारे बरेच जण हॅवलॉकला मुक्काम करतात आणि नीलला सकाळी उतरून दुपारच्या बोटीने निघतात. 2018 पासून या बेटाचं अधिकृत नाव शहीद द्वीप आहे, पण बोलताना अजून सगळे नीलच म्हणतात. माझं ठाम मत आहे की इथे निदान एक रात्र तरी राहावं, कारण इथला दिवस भरती-ओहोटी ठरवते आणि ती आपल्या बोटीच्या वेळा बघत नाही. तुम्ही राहिला असाल तर जरूर लिहा. काय काय पाहिलंत याची यादी नको, दिवस कसा गेला ते सांगा. सुरुवात मी करते.

लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर पोवळ्याच्या खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथपर्यंत चालत जायचं तर ओहोटीच हवी. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आम्ही मुक्कामाच्या ठिकाणी आधी ती विचारून घेतली आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवला. वाटेत खडकांमध्ये पाणी साठून डबकी झाली होती. आमच्या वाटाड्याने एका डबक्यावर हात आडवा धरला. खाली मोठा शिंपला होता, त्याच्या कडेला निळी-जांभळी मखमल असावी तशी झालर. सावली पडताच झालर आत गेली आणि शिंपला हळूच मिटला. आम्ही सगळे तिथेच उकिडवे बसलो, तो पुन्हा उघडेपर्यंत. घाईत असतो तर हे दिसलंच नसतं.

*

आई-बाबांना घेऊन गेले होते. खडक निसरडे आणि टोकदार असल्याने कमानीपर्यंत त्यांना नेलं नाही, ते अलीकडे सावलीत बसले. पण बेट छोटं, रस्ते बरेचसे सपाट, रिक्षा मिळते, त्यामुळे ज्येष्ठांना नील फार मानवतं. आईला समुद्रापेक्षा शेती आवडली! अंदमानात नीलची ओळख भाजीपाल्याचं बेट म्हणूनच आहे. कुंपणापाशी उभ्या असलेल्या एका आजींशी तिने मोडक्यातोडक्या हिंदीत गप्पा सुरू केल्या. आजी बंगाली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने इथे वसवलं, त्यांतलं एक त्यांचं सासर. रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर ही नावं ऐकून आई म्हणाली, "अगं, सगळं रामायणच आहे की इथे!" आजींनी निघताना हातावर मिरच्या ठेवल्या. बाबा अजून त्या आजींबद्दल विचारतात.

*

सूर्योदयासाठी सीतापूर. फक्त घड्याळाचा हिशोब आधीच करून ठेवा. हे बेट 93 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि आपली प्रमाणवेळ 82.5 अंशांची, म्हणजे सूर्य तिथे घड्याळाच्या 40 मिनिटं पुढे असतो. नोव्हेंबरमध्ये सव्वापाचच्या सुमारास सूर्य वर येतो आणि संध्याकाळी पाचच्या आतच बुडतो. दुपारी जेवून झोपलात तर लक्ष्मणपूरचा सूर्यास्त हुकला म्हणून समजा.

*

आमची मुलगी सहा वर्षांची. भरतपूरला पाणी उथळ आणि शांत, त्यामुळे तिला मनसोक्त डुंबता आलं. ओहोटीला मात्र पाणी फार मागे जातं आणि पायाखाली पोवळी लागतात. मुलांना पायात काहीतरी घालाच, आणि जिवंत पोवळ्यावर पाय पडू देऊ नका.

तिला एक सुंदर शंख सापडला, घरी न्यायचा म्हणून हट्ट सुरू झाला. मी तिला तो वाळूत ठेवून थोडं थांबायला सांगितलं. आधी दोन नाजूक मिशा, मग नांगी बाहेर आली आणि शंख चालायला लागला. शंखातला खेकडा! हे खेकडे रिकाम्या शंखांतच राहतात, आपण शंख उचलून नेले तर ते राहणार कुठे, हे तिला एका मिनिटात कळलं. पुढे ती इतर मुलांनाही "ते कुणाचं तरी घर आहे" असं सांगत फिरत होती. पोवळी तर कायद्यानेच संरक्षित आहेत, किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा आणायचा नाही.

*

थोडक्यात लिहितो. रोख पैसे पुरेसे ठेवा. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, पाय झाकलेले बरे. बोट लागत असेल तर गोळी बोटीत बसण्याआधी घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हवा बिघडली की बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच (आता श्री विजयपुरम) राहा. आमची बोट अशीच रद्द झाली होती, पण हाताशी एक दिवस होता. तो आम्ही भाड्याच्या सायकलींवर बेटभर फिरण्यात घालवला, आणि सहलीतला तोच दिवस सगळ्यांना जास्त आवडला.

*

वा, सगळेच अनुभव छान. पावसाळ्यात नीलला राहिलेलं कुणी आहे का? जून-जुलैत समुद्र कसा असतो आणि बोटींचं काय होतं, ते वाचायला आवडेल.