मदत हवी आहे : एकाच प्रकारचं वाचणाऱ्या मुलीला आणखी काय द्यावं?

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची. भाची नववीत आहे, तिला लिहायची मनापासून हौस. वाचतेही भरपूर, पण फक्त ऐतिहासिक कादंबऱ्या. परवा एसटी स्टँडवर निबंध लिहिला, तर त्यात 'भास्कर अस्ताचलास निघाला असता कोरेगावची गाडी फलाटास लागली'! वाक्य डौलदार आहे, पण स्टँडवरचा गलका, कंडक्टरची डबल बेल, खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल, यातलं काहीच नाही.

बोलताना हेच सगळं ती इतकं रंगवून सांगते की ऐकत राहावं. लिहायला बसली की मात्र कानात बसलेली तेवढी एकच भाषा उतरते. म्हणून तिनं वेगवेगळं वाचावं असं फार वाटतं. नाटक वाचलं की माणसं कशी बोलतात ते कळतं, बातमी वाचून महत्त्वाचं आधी सांगायची सवय लागते. अगदी चांगली पाककृतीसुद्धा क्रम शिकवते.

सुट्टीत तिला भिलारला नेणार आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं हे स्ट्रॉबेरीचं गाव २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली असतात, निवांत बसून वाचता येतात.

तर सांगा, तिच्या आवडीच्या कादंबऱ्या न तोडता आधी काय द्यावं? प्रवासवर्णन, व्यक्तिचित्रं की ग्रामीण कथा? आणि मुलांना घेऊन भिलारला गेलेल्यांनी कोणत्या विषयाच्या घरापासून सुरुवात केली?