पावसाळ्यात शेतातील वायरलेस जोडणी का ढासळते?

प्रश्न – दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागायतदार

नमस्कार. घराच्या गच्चीवरून सुमारे ८०० मीटर अंतरावरील पंपघरापर्यंत ५.८ गिगाहर्ट्‌झची वायरलेस जोडणी केली असून ठिबकचा कंट्रोलर आणि कॅमेरा तिच्यावर चालतात. मे महिन्यात उणे ६२ डीबीएम (सिग्नलची शक्ती डेसिबलमध्ये मोजण्याचे एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण) असलेला सिग्नल जुलैमध्ये उणे ७८ पर्यंत घसरतो आणि पाऊस उघडल्यावरही लगेच सुधारत नाही. मध्ये द्राक्षबाग आहे, बांधावर वारा अडवण्यासाठी लावलेली सुबाभूळ आहे. पाऊसच सिग्नल अडवतो का? अधिक शक्तीचे यंत्र घ्यावे का?

उत्तर १

या वारंवारितेला ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडत असला, तरी किलोमीटरमागे एक डेसिबलही घट होत नाही. आपली घट १६ डेसिबलची आहे. म्हणजे पोहोचणारी शक्ती सुमारे चाळिसाव्या हिश्श्यावर आली आहे. शेजारच्या घरातील डिश टीव्ही पावसात बंद पडतो म्हणून सगळा दोष पावसाला दिला जातो. परंतु तो सिग्नल १० गिगाहर्ट्‌झच्या वरचा आणि सुमारे ३६,००० किलोमीटरवरून येणारा, मुळातच क्षीण असतो.

माझा संशय पानांवर आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मांडव पुन्हा पानांनी भरतो, सुबाभूळ पावसाळ्यात झपाट्याने उंच होते, आणि ओले पान कोरड्या पानापेक्षा या लहरी कितीतरी अधिक शोषते. समोरच्या टोकाची अँटेना डोळ्यांना दिसते एवढ्याने भागत नाही, कारण लहर दोरीसारखी सरळ रेषेत न जाता मध्यभागी फुगलेल्या पट्ट्यातून जाते, ज्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. आपल्या अंतरासाठी त्याची मध्यावरील त्रिज्या ३.२ मीटर येते आणि तिच्यापैकी किमान ६० टक्के, म्हणजे जवळपास दोन मीटर, सर्व बाजूंनी मोकळी हवी. शक्ती वाढवण्याआधी पंपघरावरील खांब उंच करावा आणि सुबाभळीचे शेंडे छाटावेत. परवान्याची गरज नसलेल्या या पट्ट्यात शक्तीवर कायद्याची मर्यादाही आहे.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे, परंतु खांबाचा खर्च करण्यापूर्वी जोड तपासावेत. अँटेना वेगळी असल्यास तिच्या कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी असाच त्रास देते. ऊन-वारा मिळाल्यावर पाने काही तासांत सुकतात आणि सिग्नल सावरतो. उघडीप पडून दोन-तीन दिवस झाले तरी तो खालीच राहिला, तर जोड उघडून आत हिरवट गंज दिसतो का ते पाहावे. जोडाला रबरी जलरोधक टेप गुंडाळावी आणि पाणी वायरीवरून आत न उतरता खाली गळावे म्हणून यंत्रापाशी वायरीला झोळ द्यावा.

उत्तर ३ – निफाड

आमच्याकडे हिवाळ्यात दाट धुके पडते, तेही या वारंवारितेला अडथळा ठरत नाही. थंड हवेवर उबदार हवेचा थर बसल्याने लहरी वाकतात खऱ्या, पण त्याचा परिणाम अनेक किलोमीटरच्या जोडण्यांवर दिसतो, ८०० मीटरवर नाही.

ठिबकचा कंट्रोलर मात्र कॅमेऱ्यापासून वेगळा करावा, असे मी आग्रहाने सुचवीन. व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचा संदेश अगदी लहान असतो. तो आपल्या देशात विनापरवाना असलेल्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात लोरा (लहान संदेश कमी शक्तीत लांबवर पाठवणाऱ्या वायरलेस) पद्धतीने पाठवता येतो, आणि ही सुमारे ३५ सेंटीमीटर लांबीची लहर पानांतून बरीच चांगली पार होते. कॅमेऱ्याचे चित्र त्यावर मावणार नाही. पण चित्र तासभर खंडित झाले तरी बागेचे पाणी चुकणार नाही.