मदत हवी आहे: दमा, ॲलर्जी आणि रक्तदाबाची औषधं चालू असताना आवाज बिघडलाय, यातलं कशामुळे?

तारषड्ज (धागाकर्ती)

नमस्कार. मी गाते आणि गाणं शिकवते. त्यामुळे दिवसाचा बराचसा वेळ आवाज वापरण्यातच जातो. काही महिन्यांपासून आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही. मध्य सप्तकात ठीक चालतं, पण वर जाताना पंचमानंतर सूर चिरतो, हलका लावायला गेलं की नुसती हवा निघते. सकाळी घोगरेपणा असतो. आणि एक कोरडी खोकल्याची ढास लागते, कफ काहीच पडत नाही.

चालू असलेलं सगळं लिहिते, म्हणजे अंदाज येईल. दम्यासाठी ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉलचा पंप, सकाळ-संध्याकाळ, बऱ्याच वर्षांपासून. ॲलर्जीसाठी रात्री क्लोरफेनिरामिन असलेली गोळी, लागेल तशी, पण हल्ली जवळजवळ रोजच. रक्तदाबासाठी रामिप्रिल, हे सगळ्यात अलीकडचं. शिवाय माझ्या मनाने घेतलेलं: केसांसाठी बायोटिन, फिश ऑइलच्या कॅप्सूल, आणि घशासाठी ज्येष्ठमधाच्या गोळ्या दिवसभर चघळत असते.

दम्याचं औषध मी बंद करणार नाही, ते स्पष्ट आहे. पण आवाजाचं हे असंच चालू राहिलं तर कार्यक्रम घेणं अवघड होईल, आणि त्याची मला खरोखर भीती वाटते. यातल्या कशाचा आवाजावर परिणाम होतो, हे कुणी नीट सांगू शकेल का? डॉक्टरांकडे जाणारच आहे. पण तिथे काय विचारायचं तेही आधी कळलेलं बरं.

मात्रा_अनुपान

औषधनिर्माणशास्त्र शिकवते, त्यामुळे औषधांपुरतं बोलते. घशात नेमकं काय झालंय ते पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

तुमच्या यादीत सगळ्यात आधी माझी नजर रामिप्रिलवर गेली. या गटातल्या औषधांनी, म्हणजे एनालाप्रिल, लिसिनोप्रिल वगैरे, काही लोकांना कोरडा, चिवट खोकला होतो. शरीरात ब्रॅडीकायनिन नावाचा पदार्थ मोडणारं एन्झाइम हीच औषधं अडवतात. तो पदार्थ साठला की श्वासमार्गातल्या नसा चाळवल्या जातात. खोकला पहिल्या गोळीनंतर लगेच येईलच असं नाही, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही सुरू होऊ शकतो. त्यामुळे गोळीचा आणि खोकल्याचा संबंध पेशंटच्या लक्षातच येत नाही. प्रत्येक ढासेला स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात. गाणाऱ्या माणसाला हे दिवसभर होत राहिलं तर सूज राहणारच.

चांगली गोष्ट ही की हा परिणाम जातो. गोळी बदलल्यावर बहुतेकांचा खोकला 1 ते 4 आठवड्यांत थांबतो, काहींना 3 महिनेही लागतात. लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारख्या गटात हा त्रास खूप कमी दिसतो. पण गोळी स्वतःहून थांबवू नका. डॉक्टरांना एवढंच सांगा की खोकला या गोळीनंतर सुरू झाला आणि माझं काम आवाजाचं आहे. पुढचा निर्णय त्यांचा.

क्लोरफेनिरामिनही दुर्लक्ष करण्यासारखं नाही. जुन्या पिढीतली ॲलर्जीची औषधं सगळीकडचा ओलावा आटवतात: नाक, तोंड, घसा, आणि स्वरतंतूंवरचा पातळ थरही. तो थर चिकट झाला की स्वरतंतू कंप पावायला जास्त दाब लागतो. हलक्या आवाजात वर सूर लावताना नुसती हवा येते त्यामागे हे एक कारण असू शकतं. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन ही पुढच्या पिढीची औषधं त्या मानाने बरीच कमी कोरडी पाडतात. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा चालेल का, तेही विचारा.

निगराणी

मी वाचा आणि आवाज उपचार करते. वरच्या प्रतिसादाशी सहमत. पंपाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण गायक-शिक्षक मंडळींमध्ये याच एका गोष्टीवर सगळ्यात जास्त गोंधळ दिसतो.

ओढून घ्यायच्या स्टेरॉइडने आवाज घोगरा होणं हा माहीत असलेला परिणाम आहे. औषधाचा मोठा वाटा फुप्फुसात न जाता घशात आणि स्वरयंत्रावरच बसतो. त्याने कधी बुरशीचा पांढरा थर येतो, कधी स्वरतंतूंना नुसतीच जळजळ होते. आणि कधी ते नीट मिटत नाहीत, मध्ये फट राहते. तिन्हीत आवाज बाहेरून सारखाच ऐकू येतो, उपचार मात्र वेगळे. बुरशीवर बुरशीचं औषध लागतं, फटीवर त्याचा उपयोग शून्य.

पंप घेतल्यावर तुम्ही चूळ भरता, गुळण्या करता का? कराच, आणि पाणी थुंकून टाका. पण गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. त्याने तोंड आणि घसा वाचतो, स्वरयंत्र नाही. स्वरयंत्रावर बसणारं औषध कमी करायचं तर पंपाचा प्रकार आणि घेण्याची पद्धत बघावी लागते. फवाऱ्याचा पंप असेल तर त्याला स्पेसर लावता येतो, म्हणजे जड थेंब त्या नळकांड्यातच अडकतात. कोरड्या पावडरचा असेल तर स्पेसर चालत नाही, जोरात ओढावंच लागतं. सिक्लेसोनाइड हे औषध फुप्फुसात पोचल्यावरच मुख्यतः कार्यरत होतं, म्हणून काहींना ते घशाला सोपं जातं. दमा नीट आटोक्यात असेल तर डॉक्टर डोस कमी करण्याचाही विचार करू शकतात. ते मात्र त्यांनीच करायचं. दमा बळावलेल्या गायकाला दमसासही राहत नाही आणि सूरही.

तुमचा पंप कोणता आहे, फवारा की पावडर?

तारषड्ज

दोघींचे मनापासून आभार. पंप पावडरचा आहे. गुळण्या नेहमी करते. खोकला रामिप्रिलनंतरच सुरू झाला, हे आता मागे जाऊन बघताना अगदी स्पष्ट दिसतंय. मी तो ॲलर्जीचा धरून रात्रीची गोळी वाढवत होते.

बायोटिन, फिश ऑइल आणि ज्येष्ठमध यांचं काय? ती तरी निर्धोक ना?

मात्रा_अनुपान

ज्येष्ठमध तुमच्या बाबतीत निर्धोक नाही. दिवसभर, रोज, बरेच दिवस चघळला तर त्यातल्या ग्लायसिऱ्हायझिनमुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब वाढतो. म्हणजे एका बाजूने तुम्ही रक्तदाबाची गोळी घेताय आणि दुसऱ्या बाजूने तो वर ढकलताय. अधूनमधून एखादी गोळी हा विषय वेगळा. हे डॉक्टरांना नक्की सांगा. रक्तदाब कधीपासून आणि किती वाढला, याचा हिशोब त्यामुळे बदलू शकतो.

बायोटिनचा आवाजावर थेट परिणाम नाही. पण घोगरेपणासाठी थायरॉइडची रक्ततपासणी बहुधा सांगतील, आणि मोठ्या डोसातलं बायोटिन त्या तपासणीच्या काही पद्धतींमध्ये चुकीचे आकडे दाखवतं. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) खोटा कमी, टी4 (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) खोटा जास्त. थायरॉइड खरंच कमी असेल तर आवाज जड आणि घोगरा होतो, आणि तेच नेमकं झाकलं जाईल. तपासणीच्या किमान 2 दिवस आधी बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते प्रयोगशाळेला विचारा.

फिश ऑइल नेहमीच्या डोसात फारसं काही करत नाही. पण ते, ई-जीवनसत्त्वाचे मोठे डोस आणि गिंको ही वनस्पती यांनी रक्त गोठणं थोडं मंदावू शकतं. त्यावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन पडलं की विषय गंभीर होतो. स्वरतंतूंतल्या केशवाहिन्या अतिशय नाजूक असतात. जोरात गाताना, ओरडताना किंवा खोकताना त्यातली एखादी फुटली तर स्वरतंतूत रक्तस्राव होतो. ॲस्पिरिनचा प्लेटलेटवरचा (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींवरचा) परिणाम 7 ते 10 दिवस राहतो. म्हणून कार्यक्रमाच्या आसपास अंगदुखी, डोकेदुखीला पॅरासिटॅमॉल बरं, अर्थात यकृताचा त्रास नसेल तर. हृदयासाठी कुणी ॲस्पिरिन लिहून दिलं असेल तर मात्र ते गाण्यासाठी थांबवायचं नाही.

सूत्रधार_निवेदिका

धागा जरा वळवते, माफ करा, पण प्रश्न अगदी याच विषयाचा आहे. मी निवेदन आणि ध्वनिमुद्रणाचं काम करते. एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) मला डॅनाझोल सुचवलंय. त्याने आवाज बदलतो असं ऐकलं. गोळी बंद केली की परत पूर्ववत होतो ना?

निगराणी

बरं झालं, सुरू करण्याआधी विचारलंत. नाही, खात्री देता येत नाही. वर ज्या औषधांची चर्चा झाली त्यांचे परिणाम बहुतेक वेळा निघून जातात. पुरुषी संप्रेरकांसारखं काम करणाऱ्या औषधांचं तसं नाही. डॅनाझोल, टेस्टोस्टेरॉन, ॲनाबोलिक स्टेरॉइड, शक्तिवर्धक म्हणून विकली जाणारी डीएचईए, या सगळ्यांनी स्त्रीचा आवाज खाली येऊ शकतो. मुलांचा आवाज वयात येताना फुटतो, तशीच ही प्रक्रिया: स्वरतंतूंचं वस्तुमान आणि स्नायू वाढतात. एकदा ते वाढले की औषध थांबवल्यावर पूर्णपणे मागे जातीलच असं नसतं. बऱ्याच जणींचा बदल कायमचा राहतो.

पहिल्या खुणा बोलण्यात कळतही नाहीत. वरचे सूर आधी जातात, मध्येच आवाज तुटतो, फोनवर समोरचा माणूस पुरुष समजून बोलतो. त्यामुळे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सरळ सांगा: माझं उत्पन्न आवाजावर आहे, आवाज खाली न आणणारा पर्याय आहे का? पर्याय असतात. डायनोजेस्ट हे त्यातलं एक, त्याचा पुरुषी संप्रेरकांसारखा परिणाम नसतो. तुम्हाला कोणता पर्याय योग्य ते त्या ठरवतील. डॅनाझोल घेणं भागच असेल तर आधी आवाजाचं व्यवस्थित ध्वनिमुद्रण करून ठेवा, आणि बदलाची पहिली शंका येताच त्यांना फोन करा, पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट बघू नका.

सूत्रधार_निवेदिका

हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच बोलते. धन्यवाद, खूप.

खर्जाची_तालीम

तारषड्ज ताई, सहगायकांचा एक सल्ला तुमच्यापर्यंत पोचेलच, म्हणून आधीच लिहितो. कार्यक्रम तोंडावर आला की कुणी तरी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या 2-3 गोळ्या घे म्हणतं. सूज उतरते आणि आवाज सुटतो, हे खरं. पण आत रक्तस्राव असेल किंवा गाठ होत असेल तर त्या मोकळ्या आवाजात आपण जीव तोडून गातो आणि इजा वाढते. दुर्बिणीतून स्वरतंतू पाहिल्यावरच डॉक्टर हे ठरवू शकतात. घसा बधिर करणाऱ्या चघळायच्या गोळ्यांचं तेच. वेदना हीच आपल्याला थांबायला सांगते, तीच बंद करून तालीम करायची नाही. मंचभयासाठी कुणी प्रोप्रॅनोलॉल सुचवलं तर तुम्हाला दमा आहे हे आधी सांगा. त्या गोळीने श्वासनलिका आवळतात आणि दमेकऱ्यांना ते धोक्याचं आहे.

आणि पाणी कार्यक्रमाच्या आधी काही तास थोडं थोडं प्यायचं. प्यालेलं पाणी स्वरतंतूंना शिवत नाही, अन्ननलिकेत जातं. ते शरीरातून फिरून तिथे पोचायला वेळ लागतो.

तारषड्ज

प्रेडनिसोलोनचा सल्ला कालच मिळाला होता! घेतलं नाही, घेणारही नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. त्या दिवशी औषधं घेऊन जायचं की न घेता?

निगराणी

नेहमीसारखी घेऊन जा. म्हणजे रोजच्या अवस्थेतला घसा त्यांना दिसेल. सगळ्या औषधांची यादी तारखांसकट कागदावर: कोणतं कधी सुरू झालं, आवाज कधी बिघडला, खोकला कधी लागला. ज्येष्ठमध आणि कॅप्सूलही त्यात लिहा. पंप सोबत न्या आणि तुम्ही तो कसा ओढता ते दाखवा. स्ट्रोबोस्कोपी होते का ते आधी फोनवर विचारून ठेवा. नुसत्या दुर्बिणीत स्वरतंतूंचा आकार दिसतो, स्ट्रोबोस्कोपीत कंप कसा होतो तेही दिसतं, आणि गायकाची अडचण बहुतेक वेळा कंपातच असते. तपासताना डॉक्टर 'ई' म्हणायला सांगतील. तेव्हा जो सूर चिरतोय तो लावून दाखवू का, असं विचारा.

घोगरेपणा 4 आठवड्यांहून जास्त टिकला की स्वरयंत्र पाहिलंच पाहिजे, तुमचा तर त्याहून जुना आहे. तोवर मध्ये कधी गाताना अचानक आवाज गेला तर तिथेच थांबा, कुजबुजूही नका, आणि ठरलेल्या वेळेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

तारषड्ज

यादी करायला बसले आहे. पंप आणि रामिप्रिल यांच्या तारखा जुन्या चिठ्ठ्यांवर सापडल्या. तपासणी झाली की इथे लिहितेच.