उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरचा एनिबर्ग कडा नेमका कुठे आहे?

दादरकर: मंडळी, एनिबर्गचे फोटो बघितले आणि वेडाच झालो, समुद्रातून सरळ ७५४ मीटर उभा! कुठल्या बेटावर आहे हा?

बोरिवलीचा_भटक्या: विदोय बेटाचं अगदी उत्तर टोक, फेरोचंही तेच. विदोय म्हणजे लाकडाचं बेट, पण झाडं तिथे जवळपास नाहीतच, सायबेरियाकडून वाहत आलेले ओंडके किनाऱ्याला लागायचे म्हणून ते नाव.

सह्यवेडी: आणि दगड आपल्या मुंबईखाली आहे तसाच, बेसाल्ट! फोटो झूम करून बघ, आडवे पट्टे दिसतील, एकेक पट्टा म्हणजे लाव्हाचा एकेक थर, आपल्या कोकणकड्याला दिसतात तसेच, फक्त इथे पायथ्याला थेट अटलांटिक. अख्खा कडा बघायचा तर बोटीनेच जा, वरून उंचीचा अंदाजच येत नाही.