मित्रांसोबत वर्षभराचं वाचन चॅलेंज करायचंय, पण प्रत्येकजण आपापल्या खुंट्याला बांधलेला. नियम काय ठेवू?

अर्धवट_बुकमार्क (ठाणे)

नमस्कार मंडळी. आमचा कॉलेजचा सहा जणांचा ग्रुप आहे. मी ठाण्यात, दोघं पुण्यात, एक नाशिक, एक बंगळुरू आणि एकजण डब्लिनला. ग्रुपवर आता नुसते सणांचे फॉरवर्ड आणि ट्रॅफिकचे फोटो पडतात, म्हणून ठरवलं की जानेवारीपासून सगळ्यांनी मिळून काहीतरी वाचायचं आणि त्यावर बोलायचं. आता भानगड अशी की प्रत्येकाचं वाचन ठरलेलं आहे. मी ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेलो, स्वामी, श्रीमान योगी, पानिपत, मृत्युंजय ही सगळी पारायणं झालीयेत (मृत्युंजय ऐतिहासिक नाही पौराणिक, माहितीये, भांडू नका). पुण्यातला एकजण पु.लं.च्या पलीकडे जायला तयार नाही, दुसरी फक्त खून आणि तपास वाचते, नाशिककर इंग्रजीतली 'आयुष्य बदला' टाइप पुस्तकं, बंगळुरूवाला शेअर मार्केट, आणि डब्लिनवालीला बाळ झाल्यापासून पुस्तक हातात धरायलाच मिळत नाही, ती कानात घालून ऐकते.

नेटवर इंग्रजीतल्या तयार लिस्टा भरपूर आहेत पण त्या आपल्याला बसतच नाहीत. एकीत होतं 'सेलिब्रिटी बुक क्लबने निवडलेलं पुस्तक', आता मराठीत हे कुठून आणू? गुडरीड्ससारखा नुसता आकडा ठेवावा, म्हणजे वर्षात चोवीस वगैरे, का कॅटेगऱ्या कराव्यात? ऑडिओबुक आणि दिवाळी अंक धरायचे का? कोणी असं केलं असेल तर सांगा प्लीज.

आकडेमोड_नको

आकडा अजिबात ठेवू नका. आकडा ठेवला की माणूस जे येतं तेच जास्त वाचतो, तुमचा क्राइमवाली मेंबर मार्चपर्यंत चोवीस संपवून मोकळी होईल आणि वर्षाच्या शेवटी बाकीचे लायब्ररीत पातळ पुस्तकं शोधत फिरतील. वाचन वाढेल, आवड तिथेच राहील.

नुसत्या कॅटेगऱ्यांचाही फार उपयोग नाही कारण पळवाट असते. 'आत्मचरित्र' म्हटलं की क्रिकेटवाला क्रिकेटपटूचंच घेणार ना. आमच्या ग्रुपमध्ये वेगळी पद्धत आहे. वर्षाच्या सुरुवातीला नावांच्या चिठ्ठ्या टाकतो आणि ज्याचं नाव तुम्हाला येईल त्याच्यासाठी वर्षभरात चार पुस्तकं तुम्ही निवडायची, दर तिमाहीला एक. अटी दोनच, एक म्हणजे ते पुस्तक तुम्ही स्वतः वाचलेलं पाहिजे (नाहीतर लोक एकमेकांना धडा शिकवायला हजार पानी ठोकळे देतात), आणि दुसरं म्हणजे पहिलं पुस्तक त्याच्या आवडीच्या अगदी शेजारचं असायला हवं, एकदम दुसऱ्या गावाला नेऊन सोडायचं नाही. बाकी वर्षभर ज्याला जे वाचायचं ते वाचू दे, त्याचा हिशोबच नको.

तुमचंच उदाहरण घेऊ. पानिपत आवडलं ना, मग भाऊसाहेबांची बखर घ्या. भाषा सुरुवातीला अडेल, पण गोष्ट तुम्हाला पाठ आहे त्यामुळे अर्थ लागत जातो, आणि कादंबरीत हे कुठून आलं असेल ते कळायला लागतं. त्यानंतर विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक ब्राह्मण, घरावर कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ आहे आणि दक्षिणा मिळेल म्हणून निघाला आणि नेमका १८५७ च्या बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत शहरात होता. राणीबद्दल कादंबऱ्या, सिनेमे खूप आहेत हो, पण हा माणूस तिथली लूट, जाळपोळ, विहिरी, उपासमार सगळं बघून आलाय आणि कमावलेले पैसे वाटेत लुटले गेल्याचं दुःखही तितक्याच प्रामाणिकपणे सांगतो. पुस्तक छापलं गेलं थेट १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांनी. इथे तुम्ही नकळत ऐतिहासिक कादंबरीतून बाहेर पडून प्रवासवर्णन आणि आत्मकथनात आलेले असता, आणि मग पुढचं देणं सोपं जातं. तिसरं मी ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' देईन. १८८२ चं, छोटंसं, बुलढाण्याच्या बाईनं इतकं खरमरीत लिहिलंय की आजच्या भांडणात टाकलं तरी चालेल. चौथं तोपर्यंत तुम्हालाच सुचेल.

मृत्युंजयवाल्यांसाठी वेगळी वाट आहे, इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. त्यातला कर्णावरचा लेख वाचला की आधी राग येतो. येऊ दे. मग भैरप्पांचं 'पर्व', उमा कुलकर्णींनी कन्नडमधून आणलेलं, म्हणजे बंगळुरूवाला मूळ भाषा शिकला असेल तर त्यालाही कामाला लावता येईल 😄

सुट्टीचा_वाचक

मला एक कळत नाही, वाचनालाही चॅलेंज कशाला? ऑफिसात टार्गेट, घरी आल्यावर पावलं मोजायचं घड्याळ, आता पुस्तकांचंही एक्सेल शीट. ज्याला पु.लं. आवडतात त्याला वाचू द्या की पु.लं., कोणाचं काय बिघडतंय.

आकडेमोड_नको

काही बिघडत नाही. पण धागा काढणारे स्वतःच म्हणतायत की त्यांना बाहेर पडायचंय, तर तुमचा सल्ला म्हणजे पोहायला निघालेल्याला घरी बस म्हणण्यासारखा झाला. शीट नको हे मान्य.

खिडकीतली_सीट

वरच्या चिठ्ठ्यांच्या आयडियाला माझं फुल मत. फक्त एक जोडते, सोडून द्यायची मुभा लिहून ठेवा. पन्नास पानं वाचायची, नाही जमलं तर बंद, पण बंद का केलं ते ग्रुपवर सांगायचं. आमच्याकडे सगळ्यात रंगलेल्या गप्पा सोडून दिलेल्या पुस्तकांवरच झाल्यात. एकीने कोसला अर्ध्यात टाकलं, त्यावर दुसरा इतका पेटला की रात्री दीडपर्यंत मेसेज चालू, शेवटी तिने परत उचललं निव्वळ त्याला खोटं पाडायला.

तुमच्या पु.लं.वाल्याला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' द्या, डोळे झाकून. पहिला भाग १९३४ चा म्हणून घाबरू नका, भाषा इतकी बोलती आहे की कोणी मोठ्याने वाचून दाखवलं तर माजघरात बसून आजी सांगतेय असं वाटतं. वडिलांचं विक्षिप्त सोवळं, नवऱ्याचं, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचं, मधेच घर सोडून निघून जाणं, मग त्यांनी ख्रिस्ती होणं आणि त्यात या बाईची झालेली फरफट. खरं तर रडण्याचं पुस्तक आहे पण ती हसवते. त्याला वाटेल विनोदी वाचतोय.

नाशिककरांचं जरा नाजूक आहे, 'आयुष्य बदला'वाल्यांना एकदम दलित आत्मकथन दिलं की त्यातूनही ते 'संघर्षातून यश' एवढंच काढतात आणि पुस्तक मिटवतात. म्हणून मी बलुतं आधी देणार नाही, ऊर्मिला पवारांचं 'आयदान' देईन, कारण त्यात यशाची सरळ रेघ नाहीच. कोकणातलं गाव, टोपल्या विणणारी आई, मग नोकरी, लग्न, चळवळ, आणि चळवळीतल्या पुरुषांबद्दलही बाई स्पष्ट बोलते. ते पचलं की मग बलुतं, उचल्या, जिणं आमुचं, सगळी रांग आहे.

पारिजात_म्हापसा

गोव्याहून नमस्कार. मराठी वाचणाऱ्यांच्या लिस्टमध्ये कोकणी कधीच का नसते हा माझा जुना राग. लिपी देवनागरीच आहे, वेगळं काही शिकायचं नाही, पहिली दहा पानं मोठ्याने वाचायची, मनातल्या मनात वाचली तर अडतं, ऐकू आली की कळतं. दामोदर मावजोंचं 'कार्मेलीन' घ्या, कुवेतला घरकामाला गेलेल्या गोंयकार बाईची गोष्ट आहे, १९८३ चा साहित्य अकादमी त्याला मिळाला आणि पुढे मावजोंना ज्ञानपीठ. किंवा महाबळेश्वर सैलांचं 'हावठण', कुंभारांच्या जगण्यावरचं, त्याला सरस्वती सन्मान आहे. सैल मराठीतही लिहितात, तेव्हा ज्यांना भीती वाटते त्यांनी त्यांच्या मराठीपासून सुरू करावं.

आणि मालवणी समजणाऱ्यांनी तर कारणं सांगूच नयेत.

मु_पो_बुलढाणा

ताराबाईंचं नाव आलं म्हणून कॉलर ताठ केली 😎

एक कॅटेगरी मात्र कंपल्सरी ठेवा भाऊ, 'आपल्या जिल्ह्याबाहेरची मराठी'. पुण्या-मुंबईच्या लोकायच्या वाचनात गाव म्हटलं की एक तर कोकण नाहीतर कोल्हापूर, त्याच्या पुढं एसटी जातच नाही. सदानंद देशमुखांचं 'बारोमास' द्या तुमच्या शेअर मार्केटवाल्याला. शिकलेला पोरगा, नोकरी नाही, शेती परवडत नाही, घरात रोजची चिडचिड. भाव पडला म्हणजे घरात काय होतं ते त्याला एकदा कळू द्या, चार्टवर दिसत नाही ते. बोली आमच्याकडची आहे, दोन-तीन प्रकरणं सबुरीनं घ्यावी लागतात, नंतर गाडी लागते. २००४ चा अकादमी पुरस्कार आहे पण आमच्याकडं लोक पुरस्कारामुळं नाही वाचत, आपल्याच घरातलं आहे म्हणून वाचतात.

विंगेतून

सगळे कादंबरी आणि आत्मचरित्रातच फिरताय, नाटक कोणाच्या लक्षातच नाही! मराठी माणूस नाटक बघतो, वाचत नाही. तुम्ही सहा जण आहात, व्हिडिओ कॉलवर येता, मग यापेक्षा सोपं काय. भूमिका वाटून घ्या आणि वाचा. आम्ही 'वाडा चिरेबंदी' वाचलं असं, दोन रविवारी मिळून. एलकुंचवारांच्या नाटकात विदर्भातलं देशपांड्यांचं घर, वडील गेलेत, मुंबईचा मुलगा आणि त्याची कोकणस्थ बायको तेराव्यासाठी आलीयेत, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. भूमिका जास्त आहेत, एकाने दोन-दोन घ्याव्या लागतील. आमच्यात जो मुलगा कधीच काही वाचत नव्हता त्याला थोरल्या मुलाचा, भास्करचा रोल दिला आणि तो असा काही बोलला की सगळे गप्प. वऱ्हाडी सूर जमत नाही म्हणून लाजू नका, बुलढाणेकरांना कॉलवर घ्या.

क्राइमवालीला 'शांतता! कोर्ट चालू आहे'. खोटा खटला, टाइमपास म्हणून सुरू झालेला, आणि हळूहळू आरोपी खरी होत जाते. खून नाही, तपास मात्र आहे आणि तपास करणारेच अंगावर येतात. १९६७ चं नाटक, कुठेही शिळं वाटत नाही.

कवितेला एक वेगळा नियम हवा. कवितासंग्रह 'संपवायचा' नसतो. महिनाभर जवळ ठेवायचा आणि एक कविता स्वतःच्या आवाजात व्हॉइस नोट करून ग्रुपवर टाकायची, झालं.

जुना_सभासद

व्यवहाराचं बोलतो. एवढी पुस्तकं विकत घ्यायची म्हणजे खिशाला चाट, आणि यातली काही दुकानात पटकन मिळतही नाहीत. तुम्ही ठाण्यात आहात, १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय गावात आहे, सभासद व्हा. पुण्यातल्यांना नगर वाचन मंदिर आहे. काउंटरवरच्या माणसाला 'अमुक आहे का' एवढंच न विचारता 'अशा प्रकारचं काय आहे' असं विचारा, ज्यांनी तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतलीयेत ते कुठल्याही ॲपपेक्षा बरं सुचवतात. नाशिककरांना सांगा, 'ग्रंथ तुमच्या दारी' त्यांच्याच गावात सुरू झालं, पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत जातात आणि काही महिन्यांनी आपसात बदलतात. तसंच तुम्हीही करू शकता. पुणे-ठाणे-नाशिक एक पिशवी फिरवा, जो भेटायला जाईल त्याने न्यायची. परदेशात असलेल्यांना ई-बुक आणि ऑडिओ आहेच.

ऑडिओ धरायचंच. आपल्याकडे पोथ्या ऐकूनच पोचल्यात लोकांपर्यंत, तेव्हा कोणी नाही विचारलं की वाचलीस का ऐकलीस.

दिवाळी अंक धरा पण अख्खा अंक म्हणून नको. १९०९ ला मनोरंजनने प्रथा पाडली तेव्हापासून आपण अंक घेतो, ओळखीच्या नावाचं वाचतो आणि बाकीचा रद्दीत. चॅलेंजसाठी उलटं करा, ज्या लेखकाचं नाव कधीच ऐकलं नाही अशा तिघांचं वाचायचं.

अर्धवट_बुकमार्क (ठाणे)

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांना मनापासून थँक्यू. कालच कॉलवर मांडलं. चिठ्ठ्यांची पद्धत पास झाली, पन्नास पानांचा नियम सगळ्यात आधी पास झाला (टाळ्यांसकट), आणि पहिलं नाटक फेब्रुवारीत, सत्तावीसच्या आसपासच्या रविवारी, म्हणजे मराठी भाषा दिनाचंही निमित्त होईल. डब्लिनवालीने बाळ झोपायची वेळ बघून कॉल ठेवायची अट घातलीये. पु.लं.वाला 'मी बघतो' म्हणाला, म्हणजे नाही म्हणाला, पण त्याची चिठ्ठी मलाच आलीये त्यामुळे स्मृतिचित्रे मी स्वतः नेऊन देणार. फक्त अट अशी की मी आधी वाचलेलं पाहिजे आणि मी ते वाचलेलं नाही, सो डिसेंबरातच कामाला लागलोय.

एकच अडलंय. माझी चिठ्ठी बंगळुरूवाल्याला गेलीये आणि त्याला वरचा हा धागा दाखवल्यावर तो म्हणतो बखर-बिखर नाही, मी तुला थेट कोकणी देणार. पण त्याने स्वतः वाचलेलं नाही, मग चालतं का?

आकडेमोड_नको

नाही चालत. त्याला सांगा आधी कार्मेलीन तू संपव, मग दे.

पारिजात_म्हापसा

अहो चालू द्या की, दोघांनी मिळून एकदम वाचा, एक पान त्याने एक तुम्ही, कॉलवर. अडलं तर इथे विचारा, शब्द सांगायला मी आहे.